हनुवटी

दोन मिनिटं, दहा सेकंद.
एका मेंढीला मला तेवढे पुरत.
पोर्वेनीरमध्ये कुणालाही विचारा,
ग्रेगोरिओ लुक्सिच म्हटलं की म्हातारे
अजून आधी माझ्या हातांकडे बघतात.
मान गुडघ्यात, पोट वर,
आणि लोकर उतरायची अखंड,
दुधावरून साय निघावी तशी.

आता घरात एक कुत्री आहे.
सेनिसा. राखेच्या रंगाची म्हणून राख.
शेजारच्या ओंदिनाला ती धक्क्यावर सापडली,
माशांच्या खोक्यांमागे;
तिच्या घरी मांजरं, म्हणून माझ्याकडे आली.
कानांमागे गाठी, काखेत काटेरी झुडपांची कुसळं,
आणि मशीन नुसतं कपाटातून काढलं
तरी ती चुलीमागे,
स्वतःच्या अंगाहून लहान जागेत.

पहिल्या दिवशी मी घाई केली.
सवय. मान गुडघ्यात धरली.
ती चावली असती तर बरं झालं असतं.
ती मेल्यासारखी पडून राहिली, डोळे उघडे,
आणि फरशीवर ओल पसरत गेली
माझ्या बुटांपर्यंत.

मशीन बंद केलं. फडकं आणलं.
पुसून झाल्यावरही
कितीतरी वेळ ते पिळत बसलो.

मग मशीन ठेवलं तिच्या ताटलीशेजारी, बंद.
आठवडाभर ते तिथंच, मिठाच्या बरणीसारखं.
मग आतल्या खोलीत, दार लावून, चालू;
इकडे रेडिओवर सामुद्रधुनीचं हवामान,
नावा निघणार नाहीत, वारा नव्वदचा,
आणि त्या सगळ्याखाली ती घरघर,
जणू कुणीतरी पलीकडे घोरतंय.
मग लाकडी चमच्याला कोकराची चरबी.
ती चाटतेय तोवर कंगवा एकदा,
एकदाच.
चमचा संपला की कंगवा संपला.
नखं रोज एक.
अठरा नखं, एकवीस दिवस;
तीन दिवस छपराचे पत्रे वाजत होते,
तेव्हा आम्ही दोघांनीही सुट्टी घेतली.

ओंदिना हसली.
"मेंढ्यांचा राजा, आणि एका कुत्रीला महिना?"
तिलाच म्हटलं, बस इथं, माझे केस काप,
हिला बघू दे.
मी खुर्चीत, सेनिसा समोर.
कात्री कानाशी आली
आणि मी मान चोरली.
मी!
"हलू नका," ओंदिना म्हणाली.
कुत्री माझ्याकडे बघत होती.

आता असं चालतं:
मी जमिनीवर बसतो, तळहात उघडा, गुडघ्यावर.
तिनं त्यात हनुवटी ठेवली तर मशीन चालतं.
उचलली की थांबतं.
मधे काही नाही. लाडीगोडी नाही, "थोडंसंच गं" नाही.
पहिल्यांदा चार सेकंद.
चार सेकंद तिची हनुवटी माझ्या हातात,
जड, कोमट, किंचित ओली.

हातांना तेव्हाच का आठवावं कुणास ठाऊक.
एका मेंढीच्या कानाची कड गेली होती,
मी डांबर लावलं आणि ओरडलो, "पुढची!"
तिचं पुढं काय झालं ते बघितलंही नाही.
चाळीस हंगाम. हिशेब मांडला तर लाखाच्या वर.
एकीपुढेही हात असा उघडा धरला नाही.
धरला असता तर
त्या वेगाचं काय झालं असतं,
आणि माझ्या पोटापाण्याचं?
उत्तर माझ्याकडे नाही.
गुडघे दुखतात, एवढं खरं.

काल डावी बाजू पुरी झाली.
उजवीला वळलो,
तिनं हनुवटी उचलली, आळस दिला,
आणि दारापाशी जाऊन बसली.

म्हणून सध्या गावातून
अर्धी कातरलेली एक कुत्री फिरते.
कातरलेल्या बाजूला वारा लागू नये म्हणून
माझ्या जुन्या स्वेटरची पाठ बांधलीय,
माझ्याच हातच्या कुठल्यातरी मेंढीची असेल.
दुकानात विचारतात,
"काय ग्रेगोरिओ, हात थकले?"
हो म्हणतो. पाव घेतो.
मंगळवारी पुन्हा विचारून बघेन.
तिला.